गुंतवळ

शेवटच्या त्या साध्या रविवारी आईने अनुजाच्या हातचा चहा दोनदा मागून घेतला, बाबांच्या घोरण्याची नक्कल करून दाखवली, आणि बोलता बोलता मानेमागे हात नेऊन नसलेला अंबाडा चाचपला. हात रिकामाच खाली आला. मग तिने उगाच कानातली कुडी सारखी केली, जणू हात त्यासाठीच वर गेला होता.

"केस कुठे गेले, आई?"

"कापले. किती तो उन्हाळा! हर्षलनं माणूस बोलावला होता घरी. बाबांची दाढी, माझे केस, एका बैठकीत काम."

"माझ्या डोक्यावर त्याले काही सापडलं नाही," पलीकडच्या खाटेवरून बाबा म्हणाले. "मले पाहून न्हावी रस्ता बदलते."

आई हसली. हसताना ती पदर तोंडाला लावायची, तसा लावला. पण कंबरेपर्यंतच्या केसांचा भार नसलेलं ते डोकं इतकं लहान दिसत होतं की अनुजाला दुसरीकडे बघावं लागलं. हे कापणं नव्हतं. मशीन फिरवलं होतं. कानामागे खरवडल्याची लाल रेघ होती.

अकोल्यात मे महिन्यात पारा पन्नाशीला टेकायचा आणि आता कुणाला त्याचं नवलही राहिलं नव्हतं. दहा वाजले की रस्ते ओस. घर बाबांनी नोकरीत असताना बांधलेलं. कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते; बोंडातला चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या चिमटीत ओढून धाग्याची लांबी सांगायचे. त्या पगारातून उभ्या राहिलेल्या घराच्या मागच्या खोलीत आता ते दोघं राहत होते. पुढचं घर अनुजाच्या भावाचं, हर्षलचं, आणि त्याच्या बायकोचं, मुग्धाचं. मागच्या खोलीला एसी होता. त्याचं बटण हर्षलच्या फोनमध्ये होतं.

"हे घेऊन जा तू," आई उठली आणि दारामागच्या खिळ्यावरची पिशवी काढून आणली. जुन्या इरकलीच्या काठाची शिवलेली, गच्च भरलेली. "इकडे केसवाली येणं बंद झालं. नागपुरात येत असंल तर एखादा डबा घेऊन टाक."

अनुजाने पिशवीत बोट घातलं. गुंतवळ. विंचरल्यावर फणीत अडकलेले केस बोटाभोवती गुंडाळायचे, त्यावर खोटंखोटं थुंकायचं आणि पिशवीत टाकायचे. उघड्यावर टाकले तर कुणाच्या ताटात जातील, कुणाच्या हाती लागतील. आईची आई हे करायची, आई करायची. एकेक वेटोळं चिमणीच्या अंड्याएवढं. आधीची काळीभोर, मग करडी, वरची पांढरी.

"आई, केसवाल्या संपल्या गं. आता डबे कोण देतं केसांवर?"

"मग तुझ्याजवळ ठेव. फेकू नको म्हणजे झालं."

तेवढ्यात दार वाजलं नाही, उघडलं. हर्षल आत आला. स्वच्छ दाढी, मऊ आवाज. "अनु, आलीस? बरं झालं. जरा समजाव यांना. एसी सारखा वाढवून मागतात. या वयात गारठा चांगला नाही."

तो वाईट काहीच बोलला नव्हता. अनुजाने फक्त पाहिलं, की आईने पदर सारखा केला आणि बाबांनी लोंबणारे पाय ओढून खाटेखाली जवळ घेतले. मुख्याध्यापक वर्गात आल्यावर मागच्या बाकावरची मुलं घेतात तसे.

निघताना आईने तिचा हात धरला. "दादाले काही बोलू नको. माझी शपथ आहे."

"काय बोलणार मी?"

"तेच. काही नको."

अनुजा नागपुरात एका प्रकाशनसंस्थेत संपादक होती. दुसऱ्यांची वाक्यं नीट करणं हे तिचं काम. कुठे शब्द जास्त झाला, कुठे सूर चढला, तिला लगेच कळायचं. स्वतःच्या घरात तिने आयुष्यभर तेच केलं होतं: सूर चढू दिला नव्हता. तिने आईला वाकून नमस्कार केला, पिशवी खांद्याला लावली आणि बसस्टँडवर गेली.

बुधवारी दुपारी हर्षलचा फोन आला. "आई गेली."

ती पोचली तेव्हा आईला बाहेरच्या खोलीत आणलं होतं. विद्युतदाहिनीची वेळ ठरली होती. इतक्या उन्हात ठेवता येत नाही, असं सगळेच म्हणत होते. "झोपेतच गेली," हर्षल येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. "पुण्यवान बाई. कुणाला त्रास दिला नाही." डॉक्टरांनी वय लिहिलं, उन्हाळा लिहिला, हृदय थांबलं असं लिहिलं. कुणाचं थांबत नाही?

आईच्या डोक्यावरून कुणीतरी पदर ओढून घेतला होता. कुंकवाचा मळवट भरताना चुलत मावशीचा हात भांग शोधत राहिला आणि तिला तो सापडेना. "अगं बाई," एवढंच ती म्हणाली.

अनुजा मागच्या खोलीत गेली. भिंतीला तळहात लावला तर चटका बसला. बाबा त्यांच्या खाटेवर बसून होते, भिंतीकडे तोंड करून.

"बाबा."

"एसी बंद होता," ते म्हणाले. इतक्या हळू की तिला वाकावं लागलं.

"कधीपासून?"

"काल तिनं तुले फोन केला ना. अर्धा तास बोलली. तेव्हापासून." त्यांनी दाराकडे पाहिलं. "मी म्हटलं, जाऊन सांगतो त्याले. ती म्हणे, नका, अजून चिडंल. ओला टॉवेल देत होतो तिच्या डोक्यावर. केस नव्हते ना, लवकर सुकत होता तो."

"दार?"

"दार बाहेरून..." बाबा म्हणाले. हर्षल उंबऱ्यात उभा होता.

"बाबा शॉकमध्ये आहेत," तो म्हणाला. "चल, वेळ झाली."

त्या फोनवर आई काय बोलली होती? कैरीचं लोणचं यंदा कसं चुकलं ते. बाबांच्या घोरण्याबद्दल. बस.

---

ज्येष्ठ नागरिकांचा कायदा तसा जुनाच. मुलांनी आईबापांना सांभाळायचं, छळ केला तर न्यायाधिकरणाकडे जायचं, आणि आईबापांच्या घरातून मुलाला बाहेर काढण्याचा आदेशही तिथून मिळवायचा. कागदावर सगळं होतं. अडचण एकच होती: तक्रार आईबापांनी करायची. आणि समोर पोटचा पोर उभा असताना कुठली आई तोंड उघडते? आल्या तक्रारी तरी दुसऱ्या तारखेला मागे घेतल्या जात. 'गैरसमज झाला होता,' असं थरथरत्या सहीने लिहून दिलं जाई.

मग केसांनी बोलायला सुरुवात केली.

माणूस घाबरला की शरीरात कॉर्टिसोल नावाचं द्रव्य वाढतं. ते रक्तातून केसांच्या मुळाशी पोचतं आणि वाढत्या केसाच्या गाभ्यात अडकून बसतं. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो; झाडाच्या खोडात जशी वर्षांची वलयं, तशी केसात दिवसांची. वरचं तेल-पाण्याने धुतलं जातं, गाभ्यातलं राहतं. आधी प्रयोगशाळांना महिन्याची सरासरी तेवढी कळायची. नव्या यंत्राची किरणशलाका इतकी बारीक झाली की ते केसाचा दिवसाएवढा तुकडा सुटा वाचू लागलं. ताप आला, दुखणं झालं, तरी कॉर्टिसोल वाढतंच. पण दुखण्याबरोबर आणखीही द्रव्यं वाढतात. भीती एकटी येते आणि पुन्हापुन्हा येते. तो फरक यंत्र ओळखायचं. एकच गोष्ट त्याला कळत नव्हती. भीती कुणाची, ते.

हा पुरावा ग्राह्य धरणारी दुरुस्ती कायद्यात आली तेव्हा लोकांनी पेढे वाटले. अनुजानेही वर्तमानपत्रातला तो लेख कापून ठेवला होता. आता आईबापांनी बोलायची गरज नाही, असं त्यात लिहिलं होतं.

वर्षाच्या आत गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांची डोकी भुंडी दिसू लागली. 'घरपोच ज्येष्ठ केशकर्तन' अशा जाहिराती आल्या. उन्हाळ्यात बरं, आंघोळीला सोपं, उवांची कटकट नाही. देवळात, दवाखान्यात, बँकेच्या बाकावर, जिथे बघावं तिथे मशीन फिरवलेली पांढरी डोकी. प्रत्येकाला त्याचा अर्थ कळत होता आणि कुणीच विचारत नव्हतं. सव्वाशे वर्षांपूर्वी नवरा मेला म्हणून बाईचं डोकं भादरत. त्याविषयी अनुजाने कपाटभर पुस्तकं वाचली होती, दोन संपादित केली होती, व्याख्यानांत डोळे पुसले होते. आता नवरा शेजारच्या खाटेवर जिवंत असताना मुलगा आईचं डोकं भादरत होता. त्याला सोय म्हणत होता. आणि ती 'केस कुठे गेले?' विचारून चहा करायला उठली होती.

आईच्या डोक्यावर वाचण्यासारखं काही उरू नये याची काळजी हर्षलने घेतली होती. एक गोष्ट त्याला ठाऊक नव्हती, मुग्धाला तर नव्हतीच. मुग्धाचे गळलेले केस फिरत्या झाडूयंत्राच्या पोटात जात. दारामागच्या खिळ्यावरच्या त्या पिशवीला दोघांचे खांदे रोज घासत होते. आपली आई जुन्या बायकांसारखी वेडगळ आहे, हे त्यांना माहीत होतं. किती वेडगळ, ते नव्हतं.

"गुंतवळ?" डॉक्टर नंदिता पोहनकर म्हणाल्या. नागपूरच्या न्यायप्रयोगशाळेत केसवाचनाचा विभाग त्या बघत. पिशवी टेबलावर ओतली तेव्हा त्यांनी हातमोजे घालायचे सोडून आधी कपाळाला हात लावला. "माझी आजी करायची हो हे. मी तिला रागवायची!"

"वाचता येईल?"

"कापलेला केस सोपा. कापला तो दिवस माहीत असतो, तिथून मागे मोजत जायचं. हा गळलेला आहे. कधी गळला, कोणाला ठाऊक? पण हे बघा, केवढा लांब आहे. कंबरेपर्यंतचा केस म्हणजे पाच वर्षं. शंभर केस घेते, एकावर एक ठेवते. जिथे चढउतार जुळतील तिथे सांधा. झाडांचं वय काढतात तसंच. फक्त एक ठाम तारीख द्या मला."

"गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. चार वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत."

"झालं तर. त्या वेळच्या वेदनाशामकाचा ठसा प्रत्येक केसात एकाच जागी सापडेल. तो खिळा. त्याला सगळं टांगायचं." मग त्या थांबल्या. "एक सांगून ठेवते, अनुजाताई. गळणारा केस गळण्याआधी तीन महिने वाढायचा थांबलेला असतो. शेवटचे महिने यात नाहीत. तो बुधवार यात नाही."

"समजलं," अनुजा म्हणाली.

फोनमधल्या एसीच्या नोंदी हर्षलने पुसल्या होत्या. आई राख झाली होती. बुधवार कुठेच नव्हता. बाबांच्या तोंडात तेवढा होता.

आणि बाबा त्याच घरात, त्याच खोलीत होते.

"काय करून राहिली तू हे?" मामांचा फोन आला. "आईचं वर्षश्राद्ध झालं नाही आणि भावाले कचेरीत खेचतेस? बापाची एवढी काळजी आहे तर घेऊन जा नागपूरले. विषय मिटला."

सगळे हेच म्हणत होते. मावशी, शेजारच्या बोचरेकाकू, प्रकाशनातल्या मैत्रिणी, अगदी प्रेमाने. घेऊन जा. म्हणजे ज्याने घर बांधलं त्याने बोचकं बांधायचं, आणि ज्याने आईला भाजून मारलं त्याने पडवीला नवा रंग द्यायचा! अनुजाला हे वाक्य मामांना जसंच्या तसं ऐकवायचं होतं. तोंडातून आलं ते असं: "बघते, मामा."

अर्जातही तसंच झालं. मयत आईच्या केसांचा अहवाल जोडून हयात वडिलांसाठी संरक्षण मागता येत होतं. 'छळ करणाऱ्याचे नाव' या रकान्यापाशी ती बराच वेळ थांबली. आईची शपथ. दादा. रक्षाबंधनाला न चुकता पाठवलेली राखी. तिने लिहिलं: 'घरातील व्यक्ती.' बाबा सांगतील नाव, तिला वाटलं. त्यांनीच सांगायला हवं.

---

न्यायाधिकरण म्हणजे तहसील आवारातल्या जुन्या इमारतीतला एक लांबट हॉल. या कायद्यात वकिलांना मज्जाव. ज्याने त्याने आपलं आपण बोलायचं. समोर उपविभागीय अधिकारी तबस्सुम देशमुख, चष्मा कपाळावर चढवलेला. बाजूला टंकलेखन करणारे लिपिक. बाकावर दुसऱ्या तारखांची माणसं, त्यांतली निम्मी भुंडी.

हर्षल बाबांना हाताला धरून घेऊन आला. बाबांच्या अंगात नवा सदरा होता, घडीच्या रेघा न मोडलेला.

नंदिताबाईंनी भिंतीवरच्या पडद्यावर आलेख लावला. आईची सहा वर्षं एका रेघेत. आधी सपाट, गावाबाहेरच्या रस्त्यासारखी. मग ऑपरेशनचा खिळा. मग, हर्षल घरून काम करायला म्हणून बिऱ्हाड घेऊन अकोल्याला आला त्या दिवाळीपासून, दात. करवतीसारखे दात. मध्ये एक सपाट पट्टा, त्याच्या पुढे पुन्हा दात, आधीपेक्षा उंच आणि आधीपेक्षा जवळजवळ.

अनुजाने हा आलेख आधी पाहिला होता.  त्यातल्या कितीतरी दिवशी ती आईशी फोनवर बोलली होती. 'काय चाललंय?' 'काही नाही गं, मजेत.'

"आईला शुगर होती," हर्षल म्हणाला. आवाज मऊच. "मन हळवं होतं. यात नवल काय?"

"शुगरचा ठसा वेगळा असतो," नंदिताबाई म्हणाल्या. "ही भीती आहे."

"असेल. मी नाही म्हणत नाही, मॅडम." त्याने हात जोडले. "पण कुणाची? यंत्र तर सांगत नाही. घरात आम्ही चार माणसं. बोलू नये, पण विचारताय म्हणून सांगतो. आमचे बाबा फार तापट होते. आम्ही लहान असताना भाजी खारट झाली म्हणून ताट भिरकावलेलं मी पाहिलंय. अनुनेही पाहिलंय. विचारा तिला."

बाकावर चुळबुळ झाली. अनुजाने पाहिलं होतं ते ताट. एकदा. तिसऱ्या दिवशी बाबांनी स्वतः नवं ताट आणलं होतं आणि महिनाभर आईने वाढलेलं न बघता खाल्लं होतं. हर्षल आता ते ताट इथे घेऊन आला होता, चाळीस वर्षांनी, धुऊनपुसून.

देशमुखबाईंनी चष्मा खाली घेतला. "दिवाकरराव, तुम्ही सांगा. तुमची पत्नी कुणाला घाबरायची?"

बाबांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या काचेच्या बशीकडे. बशीत वाचून उरलेल्या केसांची एक बट होती. "हे तिचे?" त्यांनी विचारलं. कुणी नको म्हणायच्या आत त्यांनी एक केस उचलला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणला, जसा हयातभर कापसाचा धागा ताणला तसा. बघत राहिले. हर्षलने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मलेच," बाबा म्हणाले. "मलेच भीत होती ती. पोराचा काही दोष नाही, साहेब. माझ्याच अंगात सैतान होता. पोरानं तर सेवा केली."



"याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?" देशमुखबाई हळू म्हणाल्या. "तुमच्यासाठी मागितलेलं संरक्षण मग मिळणार नाही. तुम्ही इथून यांच्याबरोबरच घरी जाल. त्याच खोलीत."

"हो जी. माझंच पोरगं आहे."

"बाबा मोठ्या मनाचे आहेत," हर्षल म्हणाला आणि खांद्यावरचा हात दाबला.

अनुजाने खाली पाहिलं. बाबांचे पाय खुर्चीखाली गेले होते. जवळ घेतलेले, एकमेकांना चिकटलेले.

 आता तिच्यात उठलं ते दुःख नव्हतं. दुःखाला ती महिनाभर ओळखत होती. आईने तिच्यावर तोंड न उघडण्याची शपथ घातली, बाबा स्वतःवर पाप ओढून घेत होते, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो हात जोडून मऊ आवाजात उभा होता. आईबापांच्या मायेवर तो असाच वाढला होता, बांडगुळासारखा. ही माया नव्हे. हा गुन्ह्याचा साथीदार आहे. आणि आपण? आपण त्याला संयम म्हणत होतो.

ती उठली. पडद्यापाशी गेली.

"बाबा, इकडे बघा. हा पट्टा." तिने करवतीच्या दातांमधल्या त्या सपाट तुकड्यावर बोट ठेवलं. "इथे आईच्या केसात काहीच नाही. भीतीचा कण नाही. हा दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा. कोण होतं तेव्हा घरात?"

बाबांनी चिमटीतला केस उजेडाकडे धरला.

"दादा आणि वहिनी हैदराबादला होते, कंपनीच्या कामाला. जून ते ऑक्टोबर. घरात कोण होतं?"

"आम्ही दोघंच," बाबा म्हणाले.

"काय करायचे?"

"काय करणार?" बाबा म्हणाले. "पुढच्या खोलीत झोपत होतो. ती म्हणे, आपलंच घर आहे, जरा पाय पसरून घेऊ. कॅरम काढला होता माळ्यावरून. हरायला लागली की राणी पदराखाली लपवायची. मी म्हणे, शैला, राणी कुठी गेली? ती म्हणे, मी काय जाणू, बाप्पा, माहेरी गेली असंल."

बाकावरची एक भुंडी म्हातारी हसली आणि लगेच थांबली.

"ती तुम्हाला घाबरत होती ना?" अनुजाचं बोट पडद्यावरून हललं नाही. "मग त्या महिन्यांत का नाही घाबरली? तुम्ही होतात की घरात. सकाळ, दुपार, रात्र, तुम्ही एकटेच होतात. हे तुमच्याबरोबरचे दिवस आहेत, बाबा. तिच्या केसात लिहिलेले. ते तरी खोटे पाडू नका. तिचं दुसरं काही उरलं नाही आपल्याजवळ."

बाबांनी चिमटीतला केस बोटाभोवती गुंडाळायला सुरुवात केली. सावकाश, आई गुंडाळायची तसा.  

"अनु, बस आता," हर्षल म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजातला मऊपणा जरा फाटला. "घरची लाज अशी चव्हाट्यावर..."

"त्यांना बोलू द्या," देशमुखबाई म्हणाल्या. मग अर्ज उलटून अनुजाकडे बघत: "अनुजाताई, यंत्र नाव घेत नाही. घरातल्या माणसाने शपथेवर घ्यावं लागतं. वडील घेत नाहीत. तुम्ही इथे 'घरातील व्यक्ती' असं लिहिलंय. व्यक्तीला नाव असतं."

इतकी वर्षं ती वाक्य नीट करत आली होती. कुठे शब्द जास्त झाला, कुठे सूर चढला. हे वाक्य तिच्या तोंडात त्या बुधवारपासून तयार होतं, कदाचित त्याच्या कितीतरी आधीपासून, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

ती लिपिकांकडे वळली. "लिहा. मी सांगते तसंच लिहा."

लिपिकांनी बोटं कळांवर ठेवली.

"माझ्या आईला माझ्या भावाने मारलं. हर्षल दिवाकर गावंडे. साडेतीन वर्षं त्याने तिला भीतीत ठेवलं. तिचे केस बोलतील म्हणून ते भादरले. तिने मला फोन केला म्हणून मे महिन्याच्या दुपारी तिच्या खोलीचा गारवा बंद केला, दार बाहेरून लावलं, आणि ती मरेपर्यंत उघडलं नाही. हे मला माझ्या बाबांनी त्याच दिवशी, त्याच खोलीत सांगितलं. बाबा इथे बोलणार नाहीत. ते त्याचे बाप आहेत. मी त्याची कुणी नाही."

मग ती हर्षलकडे वळली. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला दादा म्हटलं नाही.

"हर्षल, बाबांच्या खांद्यावरचा हात काढ. ते नागपूरला येणार नाहीत. ते कुठेही जाणार नाहीत. घर त्यांचं आहे. तू बाहेर हो."